बंद पेटीवरची पाटी

बाबल्या,

तुझ्यावर लिहायला पेंडसेसाहेबांनी, आपल्या पोस्ट कर्मचारी मंडळाच्या अध्यक्षांनी, मलाच सांगितलं, यातच मला काहीतरी शंका येते. "तुम्ही त्याच्या सगळ्यात जवळचे," असं म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता चष्मा पुसत राहिले. त्यांना काही माहीत आहे का? की खरंच चष्मा मळला होता? तू असतास तर म्हणाला असतास, "कोणी चष्मो पुसल्यान तरी तुका संशय, सायबा."

तुझा जन्म, गाव, नोकरीची वर्षं हे सगळं मंडळाच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत येणार आहे. फोटो खाकी टोपीतला निवडलाय. त्यात तू हसत नाहीयेस, म्हणून तो तुझा वाटत नाही. चौकटीचं काम त्यांनी करावं. मला तुला एकच सांगायचं आहे. हॉस्पिटलात तू मला शेवटचं जे विचारलंस, त्याचं मी खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर या लेखाच्या शेवटी देईन. आधी देता येत नाही, कारण मग बाकीचं लिहायची माझी हिंमत राहणार नाही.

आपण दोघं एकाच दिवशी पोस्टात लागलो. तू पोस्टमन, मी कारकून. मग मी खात्याची परीक्षा दिली आणि इन्स्पेक्टर झालो, आणि तू त्या दिवसापासून मला 'सायबा' म्हणायला लागलास. इतरांसमोर 'अहो साहेब' आणि चहाच्या टपरीवर 'मेल्या सायबा'. माझं काम काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. संशय घेणं. सरकार मला त्याचाच पगार देत होतं. एखादी पेटी वेळेवर उघडली जाते की नाही हे बघायला आम्ही स्वतःच्याच पत्त्यावर एक कार्ड लिहायचो आणि गुपचूप त्या पेटीत टाकायचो. ते कधी घरी पोचतं ते बघायचं. उशीर झाला की पोस्टमनला मेमो. अशी तपासणीची कार्डं मी उपनगरभर टाकली, मुलुंडपासून मढपर्यंत.

मढची पेटी तुझी होती. वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून तू पिशवी घेऊन जायचास. मी पहिल्यांदा तपासणीला आलो तेव्हा बोटीत मला उलटी झाली. नवा कोरा शर्ट, नवं पद, आणि सगळ्या कोळणींसमोर ते तसं. एकीने नाकाला पदर लावला. तू खिशातून आमसूल काढून माझ्या हातावर ठेवलंस आणि म्हणालास, "चघळ. आणि लांब बघ, पान्याकडे नको." ऑफिसात परतल्यावर हे तू कुणालाही सांगितलं नाहीस. मी महिनाभर वाट पाहिली की कधीतरी कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. मला वाटलं, हा पुढे कधीतरी वापरायला राखून ठेवतोय.

हे मी आज लिहितोय ते स्वतःला शिक्षा म्हणून नाही. एवढं साधं चांगुलपण समोर आलं तरी माझं डोकं कुठल्या दिशेने चालायचं, ते तुला सांगायला हवं.

त्याच दिवशी मी मढच्या पेटीत माझं कार्ड टाकलं होतं. ते ठरल्या दिवशी घरी आलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर तू बशीत चहा ओतता ओतता विचारलंस, "कार्ड गावला काय?" तुमच्याकडे मिळणं म्हणजे गावणं. मी चपापलो. "तुला कसं कळलं?" तू म्हणालास, "तुझी अक्षरां इंजेक्शन दिल्यासारखी. आनि कोपऱ्यात टिंब काढतंस. सगळे इन्स्पेक्टर काढतत." मी म्हटलं, "मग माझं म्हणून लवकर पोचवलंस का?" त्यावर तू पहिल्यांदा माझ्यावर चिडलास. "पेटीत पडला का ता पोचूक होया. तुझा असो, नायतर मढच्या म्हातारीचा." हा वाद आपला कधी संपला नाही. मी म्हणायचो की माणसं तपासणीच्या भीतीने काम करतात. तू म्हणायचास, "तू करतंस." मग पुढची वर्षानुवर्षं, माझं एखादं कार्ड तुझ्या हातून गेलं की पुढच्या भेटीत ठरलेलं वाक्य. "कार्ड गावला काय?" मीही ठरल्यासारखं म्हणायचो, "गावला." माझं मालवणी तेवढंच.

मग मंडळाने अंधेरीत चार बंगल्याच्या पुढे त्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत पोस्टाचं संग्रहालय काढलं. गुडघ्यांमुळे तू मुदतीआधीच निवृत्ती घेतली होतीस, त्यामुळे रोज दार उघडायचं काम तुझ्याकडे आलं. मी अजून नोकरीत, म्हणून शनिवार-रविवार यायचो. पितळी तराजू, लाखेचे शिक्के, तारेचं यंत्र, पत्रांचे खण असलेलं शिसवी कपाट, आणि डाक नेणाऱ्या हरकाऱ्याचा तो भाला, टोकाखाली घुंगरांचा झुबका असलेला. शाळेच्या मुलांना तू तो भाला खांद्यावर घेऊन खोलीभर पळून दाखवायचास. दुखऱ्या गुडघ्यांनी. बाई ओरडायच्या, "काका, हळू," आणि मुलं म्हणायची, "काका, परत."

आणि दाराजवळ मढची पेटी. ती काढून टाकली तेव्हा भंगारात जाणार होती, तूच ती उचलून आणलीस. खाऱ्या वाऱ्याने तिचा रंग पोपडे धरून सुटलेला. चावी हरवली आहे असं नोंदवलेलं होतं. प्रत्येक मुलाला एक पोस्टकार्ड द्यायचं, त्याने घरच्यांना लिहायचं आणि त्या पेटीत टाकायचं, ही तुझी कल्पना. टाकताना बाई फोटो काढायच्या. आत पडलं की खेळ संपला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बंद पेटी, चावी नाही, पुढे काय होणार?

पण पेटीच्या दारावर खिडकी असते. त्या खिडकीत छोटी पत्र्याची पाटी दिसते, पुढची पत्रं कधी काढणार ते सांगणारी. ती पाटी बाहेरून बदलता येत नाही. पेटी उघडून, आतून बदलावी लागते. हे बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. माझं आयुष्य त्या पाट्या बघण्यात गेलंय. एका शनिवारी मला तिथे सकाळची पाटी दिसली. रविवारी संध्याकाळची.

मी तुला विचारायला हवं होतं. "बाबल्या, पेटी कोण उघडतं रे?" एवढंच. तू तिथे, हातभर अंतरावर, मुलांना लाख कशी वितळते ते दाखवत होतास. मी विचारलं नाही. विचारलं तर समोरचा सावध होतो, हे आम्हाला शिकवलेलं.

त्याच आठवड्यात भाल्याची घुंगरं गायब झाली. झुबका होता तिथे नुसता चामड्याचा पट्टा लोंबत होता. आता बघ, माझ्या डोक्यात कसं जुळलं. पितळ गायब. पेटी बंद, पण कुणीतरी उघडतंय. चावी हरवली असं कागदावर, आणि पेटी काढून टाकताना चावी जमा करायची होती ती तुझ्याकडून. दिवसभर तिथे एकटा कोण असतो? तूच. मला वाईट वाटलं का? खरं सांगू? आधी बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, तू कुठेतरी सापडतोयस असं वाटलं.

रविवारी निघताना मी पेटीत कार्ड टाकलं. माझ्याच पत्त्यावर, कोपऱ्यात टिंबासकट. सवयच ती, हात आपोआप तसा चालतो. पुढच्या शनिवारी तू मुलांना पाणी प्यायला बाहेर नेलंस तेव्हा मी मोबाइलचा उजेड फटीतून आत टाकला. आत काही नव्हतं. माझं कार्ड नाही, मुलांचं एकही नाही.

त्याच संध्याकाळी मी पेंडसेसाहेबांना फोन केला. चोर हा शब्द मी वापरला नाही. मी म्हणालो, "बाबलकडे मढच्या पेटीची चावी आहे, आणि ती त्याने आपल्याला सांगितलेली नाही. घुंगरांचं मी काही म्हणत नाही." काही म्हणत नाही असं म्हणून मी सगळं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्याकडे चावी मागितली. तू शर्टाच्या आतून, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली, ती काढलीस. "घ्या." बस. का घेतली, कुणी सांगितलं, काही विचारलं नाहीस. पेंडसेसाहेबांनी ती माझ्या हातात दिली. "आता ही तुम्ही सांभाळा." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. आपण एखाद्या घराचा नंबर बरोबर आहे ना म्हणून पाहतो, तसं. मग भाला भिंतीला नीट टेकवलास आणि घरी गेलास. सोमवारी आला नाहीस. पुढेही नाही. गुडघे दुखतात असं कळवलंस.

आणि सोमवारी दुपारी माझं कार्ड माझ्या घरी आलं.

खऱ्या पोस्टाचा खरा शिक्का मारलेलं. तू ते आदल्या सोमवारीच जवळच्या पेटीत टाकलं होतंस, शिक्क्यावर तारीख स्वच्छ होती. मुलांची कार्डंही तशीच, रोज. पेटी प्रदर्शनातली का असेना, मुलाने विश्वासाने टाकलंय म्हणजे ते पोचायला हवं. म्हणून तू दिवसातून दोनदा ती उघडत होतास, पाटी बदलत होतास, आणि कुणाला सांगत नव्हतास, कारण सांगण्यासारखं त्यात तुला काही वाटलंच नसेल. अंधेरीतल्या अंधेरीत त्या कार्डाला आठवडा लागला. आयुष्यभर मी ज्या उशिराबद्दल माणसांना मेमो दिले, तो उशीर झाला नसता तर मी तो फोन केला नसता. हेही मी बराच काळ स्वतःला सांगत होतो. बाबल्या, ते खरं नाही. कार्ड वेळेवर आलं असतं तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

कार्ड मी कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलं. पेंडसेसाहेबांना फोन केला नाही. तुला तर नाहीच.

घुंगरं दिवाळीच्या सफाईत सापडली. कपाटाच्या वरच्या खणात, बिस्किटांच्या डब्यात. पेंडसेसाहेब कपाळाला हात लावून हसले. "अरे, रंगारी येणार म्हणून मीच काढून ठेवली होती की. वय झालं बघा." सगळे हसले. मीही हसलो. तुला हे कळवायला हवं असं कुणाच्या मनात आलं नाही, असं मी लिहिणार होतो. माझ्या मनात आलं होतं.

मग एक आजी आल्या, घाटकोपरहून, रिक्षा करून. नातू आमच्याकडे सहलीला येऊन गेला होता.

"शेजारच्या पोराचं कार्ड त्याच्या आजीला आलं, मागच्या वर्षीचं. माझ्या नातवाचं का नाही आलं? तुमच्या पेटीत माणसं बघून पत्रं घेतात काय?"

मी म्हटलं, "आजी, ती पेटी नुसती बघायची आहे. प्रदर्शनाची."

"मग तिला भोक कशाला ठेवलंय?"

"ती उघडत नाही. चावी हरवली आहे."

चावी माझ्या पँटच्या खिशात होती. मांडीला लागत होती. त्या खुर्चीवर बसून पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "पोर रोज विचारतं हो," आणि गेल्या. मी तरीही पेटी उघडली नाही. उघडली असती तर ती उघडायची असते हे मला माहीत होतं, असं झालं असतं. मग कधीपासून माहीत होतं, हा प्रश्न आला असता.

तू आजारी असल्याचं मला फार उशिरा कळलं. मुद्दाम कळवलं नाही की काय, असं तेव्हाही आलंच मनात. हॉस्पिटलात आलो तेव्हा सुलूवहिनी तुझ्यासाठी पेज आणायला खाली गेल्या होत्या. तू इतका बारीक झाला होतास की पलंग मोठा दिसत होता. मी हवापाण्याचं बोललो. मंडळाचं बोललो. घुंगरं मिळाली हेसुद्धा सांगितलं, सहज सांगितल्यासारखं. तू म्हणालास, "बरा झाला. पोरांका आवडतत." मग छताकडे बघत, आवाज नव्हताच फारसा, तू विचारलंस,

"कार्ड गावला काय?"

आणि मी म्हणालो, "कुठलं कार्ड?"

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मग परत वर.

"मगे खंयतरी अडाकला असतला. पोस्टाचो काय भरवसो."

मी इतके दिवस हेच उलटंसुलटं करतोय. तो टोमणा होता का? माझं अक्षर, माझं टिंब तू ओळखलं होतंस, त्याअर्थी ते कार्ड उचललंस त्या क्षणी तुला कळलं होतं की हा आपल्यावर पाळत ठेवतोय. तरी ते नेऊन टाकलंस. म्हणजे सगळं ठाऊक असून तू मला कबुली द्यायची एक जागा करून देत होतास? की तुला खरंच एवढंच जाणून घ्यायचं होतं की ते पोचलं की नाही? आणि मी खोटं बोलल्यावर ते शेवटचं वाक्य, ते मला सोडवायला होतं की ऐकवायला? मी तुझा चेहरा आठवून आठवून पाहतो. माझ्यासारख्या माणसाला चेहऱ्यावर जे नसतं ते आधी दिसतं, त्यामुळे माझा उपयोग नाही.

बाराव्याला तुमच्या घरी आलो. वहिनींनी चहा दिला. मला वाटलं, आता ह्या बोलणार. माझी नजर दाराकडे होती. त्या म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना त्या पेटीची लई काळजी. पण शेवटी शेवटी म्हणायचे, आता चिंता नाय. चावी सायबाकडे आसा, तो उघडता असतलो." मग माझ्याकडे बघून साधं विचारलं, "उघडता ना?"

मी चहा प्यालो. गरम होता, तरी एका दमात प्यालो.

तिथून सरळ चार बंगल्याला गेलो. दुपार होती, संग्रहालय बंद होतं, वॉचमनने विचारलं, "साहेब, आज कसे?" मी म्हटलं, "पेटी काढायची आहे." पोस्टात पेटी काढणं म्हणजे तिच्यातली पत्रं काढणं; त्याला काय समजलं कोण जाणे, म्हणाला, "कुठे नेणार?"

कुलूप वरून सगळं गंजलेलं, पण चावी लोण्यात फिरावी तशी फिरली. आत तू खोबरेल घालून ठेवलं होतंस. दार उघडलं आणि कार्डं माझ्या पायांवर पडली. सगळी, तू यायचं बंद केल्यापासूनची. दमट होऊन एकमेकांना चिकटलेली, काहींची शाई पसरलेली. मुलुंड, बोरिवली, एक तर रत्नागिरीचं. मी खाली फरशीवर बसलो आणि ती एकेक करून सोडवली. आणि तुला सांगतो, कारण न सांगितलेलं आता काही ठेवायचं नाही: मी त्यात तुझं अक्षर शोधत होतो. तू माझ्यासाठी काहीतरी टाकून ठेवलं असशील, शिवी का असेना. नव्हतं. तुला मला जे सांगायचं होतं ते तू तोंडावर विचारलं होतंस.

वाचता येतील ती सगळी कार्डं मी त्याच संध्याकाळी पोस्टात टाकली. घाटकोपरच्या आजींचं स्वतः नेऊन दिलं. त्यांनी कार्ड वाचलं, मग मला आपादमस्तक पाहिलं.

"चावी हरवली होती ना?"

"माझ्याकडेच होती."

"वर्षभर?"

"हो."

"कार्टं आता पाचवीत गेलं," त्या म्हणाल्या. आणि आत वळून हाक मारली, "ये रे, आलं तुझं कार्ड." त्यांनी मला बस म्हटलं नाही. मला ते आवडलं.

आता ऑफिसला जाताना आणि येताना मी पेटी उघडतो. पाटी बदलतो. पेंडसेसाहेबांनी विचारलं, कशासाठी? मी त्यांना हा लेख वाचायला देणार आहे, मग त्यांना विचारायचं ते विचारू देत. तू असतास तर माझ्यावर पाळत ठेवली असतीस का, माहीत नाही. मी मात्र ठेवतो. गेल्या रविवारी मी स्वतःच्या पत्त्यावर एक कार्ड लिहिलं, पेटीत टाकायला. टिंब काढायला पेन कोपऱ्याकडे नेलं आणि थांबलो. मग पत्ता खोडून सुलूवहिनींचा लिहिला आणि मागे तुझ्या वाक्याचं उत्तर लिहिलं. संध्याकाळी ते बाकीच्या कार्डांबरोबर काढलं आणि नेऊन टाकलं. पोचेल कधीतरी. इथेही लिहितो, कारण हॉस्पिटलात ते दोन शब्द मला जड झाले होते.

गावला, बाबल्या. सोमवारीच गावला.